आज या घरात गाणं नाही

१४ सप्टेंबर

प्रिय धाकटीस,

सप्रेम सलाम. फोनवर आपण दोघी तिसऱ्या वाक्याला भांडतो, म्हणून लिहायला बसले. कागदावर तुला मधेच तोडता येत नाही आणि मला खोडता येतं. मागच्या बाजूला छापलेलं आहे त्याचा राग मानू नकोस. तुझ्या भाऊजींच्या छापखान्यातून वाया गेलेले ताव घरी येतात, एक बाजू कोरी असते, ती माझ्याच्यानं फेकवत नाही.

आईचं सांगते. काल डॉक्टर घरी येऊन गेले. हृदय थकलंय, म्हणाले. औषधं चालू ठेवा, पण थंडीचे दिवस त्या बघतील असं मी सांगू शकत नाही. हे त्यांनी जिन्यात उभं राहून सांगितलं आणि मी त्यांना म्हटलं, चहा घेऊन जा.

आईला यातलं काही माहीत नाही. विसरणं फार वाढलंय. सकाळी मला ओळखते, दुपारी मी तिची नर्स असते. "नर्स बरी आहे, पण चहात साखर टाकायचं हिच्या जिवावर येतं," असं माझ्याच तोंडावर मला सांगते. एक गोष्ट मात्र विसरत नाही. उठल्याबरोबर विचारते, "तारा काढला का गं?" तो नाताळचा कागदी तारा. तिनंच केलेला, दरवर्षी फाटेल तिथे मी नवा कागद डकवते, मूळचा आता किती उरलाय देव जाणे. तिच्या मनानं नाताळ उद्यावर आलाय.

तर मी ठरवलंय. डिसेंबरपर्यंत आई पोचत नसेल तर नाताळच अलीकडे आणायचा. ऑक्टोबरातला दुसरा रविवार, दुपारी. पाळकसाहेबांना विचारलं. म्हणाले, "बाई, प्रभू काही तारखेला बांधलेला नाही." चर्चमधली गाणारी पाचसहा माणसं येतील, प्रार्थना होईल, संपलं.

आणि तू यायचंस. तुझी चिमी गेली, आठ महिन्यांचं लेकरू, त्याच्या पुढच्या वर्षीच तुम्ही दोघं आपल्या चर्चची मंडळी सोडून त्या सण न पाळणाऱ्या मंडळीत गेलात. तेव्हापासून उन्हाळ्यात येतेस, दोन दिवस राहतेस, पण नाताळला तुझं पाऊल या घरात नाही. दुःखात माणूस देवाला घट्ट धरतं हे मला समजतं. त्यासाठी आईचा हात का सोडावा लागतो, ते समजत नाही. तू म्हणतेस पंचवीस डिसेंबर ही मूळची सूर्य पुजणाऱ्यांची तारीख. बरं बाई. मी तारीखच काढून टाकली. आता बोल.

तुझी,
ताई

२३ सप्टेंबर

प्रिय ताई,

सलाम. पत्र यांना वाचून दाखवलं. यांनी चष्म्याची काच घासायचं चाक थांबवून ऐकलं, म्हणजे किती मनावर घेतलं बघ. "आता बोल" ला हसले. म्हणाले, "तुझी ताई वकील व्हायची राहिली."

पण ताई, तारीख काढली तरी बाकीचं उरतंच. हिरवं झाड घरात आणून सजवायचं, दाराला पानांची कडी टांगायची, लाल डगल्याचा म्हातारा नाचवायचा, हे प्रभूनं सांगितलं की प्रेषितांनी? ज्यांना प्रभू ठाऊक नव्हता ते लोक थंडीत सूर्य मरेल या भीतीनं हिरवं झाड घरात आणायचे आणि दिवे लावायचे, असं हे म्हणतात. आपण ती भीती तशीच उचलली आणि वर प्रभूचं नाव डकवलं, तू ताऱ्यावर कागद डकवतेस तसं.

आमची मंडळी लहान आहे. दुकान बंद झालं की तिथेच जमतो. डोळे तपासायच्या खुर्चीत सगळ्यांत म्हाताऱ्या बाई बसतात. भिंतीवर मोठ्याची लहान होत जाणारी अक्षरं, तेवढीच काय ती सजावट. मला तिथे बरं वाटतं. तिथे मला कुणी आनंदी राहायला सांगत नाही.

आईला भेटायला मी येईन. आधीच्या आठवड्यात बोलाव, नंतरच्या आठवड्यात बोलाव. सण असलेल्या घरात मात्र मला बोलावू नकोस.

तुझी,
धाकटी

२९ सप्टेंबर

प्रिय धाकटे,

सलाम. तू भाव करायला लागलीस, म्हणजे येणार आहेस. मीही बाजारात आयुष्य काढलंय.

झाड नाही. कबूल. पानांची कडी नाही. लाल डगला नाही, आणि हे कबूल करणं सोपं नव्हतं. आमच्या खालच्या मजल्यावरचे वायरमन दरवर्षी पोटाला उशी बांधून म्हातारा होतात. चर्चला कधी येत नाहीत, पण डगला त्यांचाच. त्यांना या वर्षी राहू द्या म्हटलं तर म्हणाले, "वहिनी, मी दाढी धुऊन वाळत घातली होती हो." दोरीवर दाढी मीही पाहिली होती. वाईट वाटलं.

तारा मात्र राहील. तारा शास्त्रात आहे. आणि तो बघून बाळप्रभूपाशी कोण आलं? पूर्वेकडचे ज्योतिषी! आपल्यातले नव्हते गं ते. आकाशात बघून भविष्य सांगणारे, आज तुझ्या मंडळीत आले तर जावईबापू त्यांना खुर्चीसुद्धा देणार नाहीत. त्यांना कुणी दारातून परत लावलं नाही. मग एका कागदी ताऱ्याचं काय घेऊन बसलीस?

आता थट्टा पुरे. परवा दुपारी आई खुर्ची ओढून दाराकडे तोंड करून बसली. कोण यायचंय, विचारलं. म्हणाली, "माझी धाकटी. ती आली की तारा लावू." संध्याकाळ होईपर्यंत बसली. मग कशासाठी बसलो ते विसरली आणि मला म्हणाली, नर्सबाई, खुर्ची दारात का ठेवलीत, कुणी अडखळेल.

मी हे सणासाठी करत नाहीये. तिच्या डोळ्यांत अजून तुझी ओळख आहे, तेवढ्यात ये. ती गेल्यावर आलीस तर मला भेटशील, तिला नाही.

ताई

५ ऑक्टोबर

ताई,

येते. हे येणार नाहीत, पण जा म्हणाले. दुपारच्या गाडीनं पोचेन.

मी गाणार नाही. आईजवळ आतल्या खोलीत बसेन, तुम्ही बाहेर गा. एक ऐक. खोलीचं दार लावायचं नाही. उघडं ठेव.

धाकटी

१५ ऑक्टोबर

धाकटीस,

सलाम. तीन ताव फाडून हा चौथा लिहिते आहे. फाडलेल्यांत जे होतं ते लिहिलं नाही हे बरंच.

मी गाणाऱ्यांना बोलवायला चर्चमध्ये गेले तेव्हा खिडकीत तारा लागलेला होता. दिवस ढगाळ, म्हणून रस्त्यावरून छान दिसत होता. आई उशीला टेकून त्याच्याकडे बघत होती. तू नुकतीच आली होतीस, खोलीच्या दारात उभी होतीस, अंगावरची शालसुद्धा काढली नव्हतीस. मी म्हटलं, चला, दोघींची भेट झाली, देवा तुझे उपकार.

परत आले तर खिडकी काळी. घरभर पडदे ओढलेले. ताऱ्याची वायर काढून, गुंडाळून टेबलावर ठेवलेली. आणि तुम्ही दोघी पलंगावर रडताय. आईचे डोळे सुजलेले, तिला धाप लागलेली. माझ्या मागे जिन्यात पाळकसाहेब, गाणारी मंडळी हातात गाण्यांची पुस्तकं घेऊन, त्यांच्यातलेच बेकरीवाले केकचा डबा धरून. एका पायरीवर एक अशी सगळी उभी. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

आणि आईनंही तुझीच री ओढावी! "आज नको. परत पाठव त्यांना." हे आईचे शब्द नव्हेत. आईनं आयुष्यात गाणाऱ्यांना दारातून परत पाठवलेलं नाही. तू तासाभरात तिला काय शिकवलंस? सूर्य पुजणाऱ्यांची गोष्ट सांगितलीस? ज्या बाईला कालचं जेवण आठवत नाही, तिला?

मी विचारलं तर तू म्हणालीस, "ताई, मी जाते." आईचा मुका घेतलास आणि गेलीस. पाळकसाहेबांना सलामसुद्धा केला नाहीस. गाणारे जिन्यातच प्रार्थना करून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं विचारलं, "तारा काढला का गं?" मी लावून दिला. ती बघत बसली आणि तिच्या डोळ्यांना धार लागली. का रडतेस म्हटलं तर तिला सांगता येईना. हे तू मागे ठेवून गेलीस.

तुझी श्रद्धा तुझ्यापाशी. मरायला टेकलेल्या बाईचा दिवा मालवायला लावणारी श्रद्धा मला नको.

ताई

३ नोव्हेंबर

प्रिय ताई,

सलाम. उत्तराला उशीर झाला. रोज लिहायला बसत होते. शेवटी हे म्हणाले, "तुला त्यांना खरं सांगायचं नसेल तर मी लिहितो." म्हणून मीच लिहिते.

तू लिहिलंस, आईनं आयुष्यात गाणाऱ्यांना दारातून परत पाठवलं नाही. अगदी खरं आहे.

अकरा वर्षांपूर्वी मी चिमीला घेऊन नाताळला आईच्या जुन्या घरी आले होते. तू तुझ्या सासरी बाळंत झाली होतीस, तुझा मुलगा आठवड्याचाही नव्हता. तेवीस तारखेला पहाटे चिमी तापात गेली. मी ओरडले तर आईनं माझ्या तोंडावर हात धरला. म्हणाली, "सणाच्या घरात रडू नये. अपशकुन होतो. तिकडे ताई ओली बाळंतीण आहे, तिच्या पोरावर येईल." दुष्टपणा नव्हता. घाबरली होती.

हे मिळेल त्या गाडीनं आले. दुसऱ्या दिवशी उजाडताना यांनी आणि तेव्हाच्या पाळकांनी तिला माती दिली. घंटा वाजवली नाही. आईनंच वाजवू दिली नाही, मंडळीत आत्ताच कळायला नको म्हणून. संध्याकाळी गाणारे आले. आईनं मला आतल्या खोलीत बसवलं आणि दार लावून घेतलं. मी बंद दाराआडून सगळी गाणी ऐकली. केक कापल्याचं ऐकलं. कुणीतरी विचारलं, धाकटी दिसत नाही? आई म्हणाली, प्रवासानं दमली, झोपलीय. खिडकीत तारा लागलेला होता, त्याचा लाल उजेड दाराखालच्या फटीतून आत येत होता.

सण संपल्यावर सगळ्यांना कळवलं. तुलाही तेव्हाच. पण शिळ्या दुःखाला कोण येतं? सगळे पुढच्या वर्षाच्या शुभेच्छा देत होते. आमच्याकडे भेटायला एक माणूस आलं नाही.

पुढे यांनी कुठल्याशा जुन्या ग्रंथात तारखेचं वाचलं आणि मला सांगितलं. मला हायसं झालं. झाड खोटं, तारीख खोटी, म्हणजे मला आईवर रागवायचं कारण उरलं नाही. तारखेशी भांडणं सोपं होतं. आजही मी ती तारीख पाळत नाही आणि पाळणार नाही, ते मला पटलेलं आहे. पण मी कशाला भिऊन पळाले ते झाडात नव्हतं. अपशकुनाची भीती, तीच मूर्ती आपल्या घरात होती, आणि तिला कुणी हार घातले नाहीत म्हणून कुणाला दिसली नाही.

आता त्या रविवारचं. तू जिना उतरलीस. मी दारात उभी होते. आई ताऱ्याकडे बघत होती, तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ. मग एकदम कडक आवाजात म्हणाली, "अगं, हिचं लेकरू गेलंय आणि दिवे कसले लावलेत? मालवा आधी."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी हलले नाही. तर ती स्वतः उठायला लागली, पाय खाली सोडले, वायरीकडे हात लांबवला. पडली असती. म्हणून मी तारा विझवला. पडदे ओढायला तिनंच सांगितलं. मग मला जवळ घेऊन बसली आणि विचारलं, "तिची टोपी कुठाय? विणलेली?" टोपी चिमीबरोबर मातीत गेली, आई, म्हटलं. तेव्हा ती रडली. चिमीचं नाव घेऊन घेऊन रडली. अकरा वर्षांत आपल्यात ते नाव कुणी एवढ्या मोठ्यानं घेतलं नव्हतं.

जिन्यात पावलं वाजली तेव्हा ती म्हणाली, "गाणाऱ्यांना सांग, आज या घरात गाणं नाही." आणि तू आत आलीस.

त्या पायऱ्यांवरच्या माणसांसमोर हे मी कसं सांगणार होते? आणि सांगितलं असतं तर ते माझ्या हातून निसटलं असतं. मला ते गाडीत बसेपर्यंत तरी माझ्यापाशी ठेवायचं होतं.

तुझी,
धाकटी

८ नोव्हेंबर

धाकटे,

मी मागच्या पत्रात जे जे लिहिलं ते सगळं परत घेते. एकेक शब्द. मला क्षमा कर.

माझ्या मुलासाठी तुझं रडणं कोंडलं गेलं हे मला आज कळतंय. तो आत्ता समोर बसून अभ्यास करतोय आणि माझ्याच्यानं त्याच्याकडे बघवत नाही.

पत्र आईजवळ बसून वाचलं. तिनं विचारलं, "कुणाचं?" मी म्हटलं, धाकटीचं. म्हणाली, "तिला म्हणावं, ये." एवढंच. ते त्या वेळचं होतं की आत्ताचं, मला सांगता येत नाही.

तिचं जेवण सुटत चाललंय. ये. जावईबापूंनाही आण. तारा मी काढून कपाटावर ठेवलाय. दार उघडं आहे.

ताई

५ डिसेंबर

प्रिय ताई,

सलाम. सुखरूप पोचलो. आईच्या शेवटच्या दिवसांत मला तिथे राहू दिलंस, त्याबद्दल काय लिहू? ती मलाही नर्स म्हणायला लागली तेव्हा तू किती खूश झालीस! "आता तुझ्या चहालाही नावं ठेवेल," म्हणालीस. आणि तिनं ठेवलीच.

तिच्या मातीच्या वेळी घंटा वाजली, तेव्हा यांनी माझा हात धरला. आम्ही दोघंही एकच गोष्ट ऐकत होतो, तेव्हा न वाजलेली.

हे विचारतात, तू या वर्षी तारा लावणार का? लाव ताई. आमच्यासाठी थांबू नकोस. यांचं म्हणणं, "ताईंना सांग, तारखेबद्दल माझं मत तेच आहे, पण त्या ज्योतिष्यांना मी खुर्ची दिली असती." आम्ही त्या दिवशी दुकान उघडं ठेवू, नेहमीसारखं. तू आमच्यासाठी प्रार्थना कर, आम्ही तुझ्यासाठी करू.

तुझी,
धाकटी

२४ डिसेंबर

प्रिय धाकटे,

सप्रेम सलाम. जावईबापूंनाही सलाम सांग, आणि खुर्चीबद्दल आभार.

तारा लावला. महिन्याच्या सुरुवातीलाच लावणार होते, पण एका टोकाला आईनं डकवलेला जुना कागद सुटला होता. नवा न लावता तोच परत चिकटवायचा म्हणून दोन दिवस गेले. झाड आणलं नाही. तुझ्यासाठी नाही, या वर्षी हात उचलला नाही. पुढच्या वर्षी कदाचित आणीन, तेव्हा भांडू.

पण काल तेवीस तारीख होती. काल मी तारा विझवला. वायर काढली, गुंडाळून टेबलावर ठेवली, तू ठेवली होतीस तशी. गाणारे काल आमच्या गल्लीत यायचे होते. सकाळीच बेकरीवाल्यांकडे निरोप दिला, आज आमच्याकडे नको, उद्या या. ते बरं म्हणाले, का ते विचारलं नाही. जिन्यात उभे होते ना ते त्या दिवशी.

अंधार पडल्यावर दार वाजलं. खालचे वायरमन. रस्त्यावरून खिडकी काळी दिसली म्हणून आले होते, हातात पेटी. "वहिनी, बल्ब गेला काय? आणलाय मी."

मी म्हटलं, "बल्ब चांगला आहे. माझी भाची गेली."

ते गोंधळले. "अरेरे. कधी?"

"अकरा वर्षं झाली. आठ महिन्यांची होती. चिमी म्हणायचो."

मला वाटलं, आता हे म्हणतील, वहिनींचं आईच्या मागे डोकं फिरलं. त्यांनी पेटी दाराबाहेर ठेवली. चपला काढल्या. आत येऊन आईच्या त्या खुर्चीवर बसले, हात मांडीवर घेऊन. मी चहा विचारला तर नको म्हणाले. पुष्कळ वेळ तसेच बसून राहिले. मग एकदा विचारलं, "ताप होता का?" मी हो म्हटलं.

उठताना म्हणाले, "तिच्या आईला सांगा, मी येऊन गेलो."

म्हणून हे पत्र. ते येऊन गेले.

तुझी,
ताई